दुसरी फेरी, पिवळे खुंट

मार्सलीच्या जिभेला हाड नाही, हे हॅलावेग बेटावर शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं. बाईने उभी हयात शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. बेटावरच्या निम्म्या लोकांनी तिच्या हातचं बटाट्याचं सूप खाल्लंय, आणि टोमणे तर झाडून सगळ्यांनी खाल्लेत, त्यात चर्चचे पाद्रीबाबाही आले. त्यामुळे यंदाच्या उन्हाळ्यात ती नवऱ्याची गोल्फची पिशवी स्वतःच्या खांद्याला लावून त्याच्या मागे फिरायला लागली आणि पावलोपावली त्याला घालूनपाडून बोलायला लागली, तेव्हा कोणाला नवल वाटलं नाही. टॉर्मडचा खांदा धरलाय, असं तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. खांदा ठणठणीत होता. बिघडलं होतं ते खांद्याच्या वर.

फेरीबोटीवर दोर फेकण्यात ज्याचं आयुष्य गेलं तो माणूस एक दिवस बुटाची नाडी बांधता बांधता थांबला आणि स्वतःच्या हातांकडे बघत बसला. मग एकदा किटली चुलीवर आणि आत पाण्याचा थेंब नाही. मग मेलेल्या कुत्र्याला दारात उभं राहून हाका. नाताळात मुलगी आली. उना तिचं नाव, इन्व्हरनेसला नर्स आहे. तिच्यापासून काय लपणार? निघायच्या दिवशी धक्क्यावर तिने आईला बाजूला घेतलं.

"तुला जमतंय तोवर माझं काही म्हणणं नाही," उना म्हणाली. "पण घराबाहेर कोणाच्या लक्षात आलं, की समज हाताबाहेर गेलं. त्या दिवशी घराला कुलूप लावायचं आणि दोघांनी माझ्याकडे यायचं. वचन दे."

बोटीचा भोंगा वाजत होता, पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं, मार्सलीने देऊन टाकलं वचन. आणि मग घरी येऊन कपाळ बडवून घेतलं. कारण हॅलावेगचं माणूस रविवारी, देवाचा वार म्हणून, दोरीवर कपडे वाळत घालणार नाही आणि दिलेला शब्द मोडणार नाही. इन्व्हरनेसला पोरीच्या घरी तिसऱ्या मजल्यावर एक खोली होती आणि खिडकीतून गाड्या ठेवायचं मैदान दिसायचं. तिथे टॉर्मडला न्यायचं म्हणजे माशाला बादलीत ठेवण्यासारखं. मरणार नाही कदाचित, पण गोल गोल फिरत राहील.

मार्सलीचं घर होतं गोल्फच्या तिसऱ्या होलला लागून. होल एकूण नऊच. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला गावाची कुरणं, मधे वाळूच्या टेकाडांवर उगवलेलं आखूड गवत. गवत कापायचं काम मेंढ्याच करतात. त्यांनी भोकाजवळची मऊ हिरवळ तुडवू नये म्हणून प्रत्येक हिरवळीला तारेचं कुंपण आणि एक फाटक. या जमिनीवर चराईचा हक्क मार्सलीच्या बापाचा होता, आणि खेळणाऱ्यांचा त्याला मनस्वी राग. एकदा एका लंबूटांग पोराचा चेंडू येऊन कोंबड्यांच्या खुराड्याची फळी फुटली. पोरगा माफी मागायला दारात आला. मार्सलीने त्याला सुनावलं, की एवढ्या मोठ्या बेटावर तुला आमचंच खुराडं दिसलं का रे? पोरगा म्हणाला, खुराडं नाही दिसलं, तू दिसलीस, म्हणून तर फटका चुकला. झालं. हाच तो टॉर्मड. त्यानंतर बापाच्या कोंबड्या किती वेळा दचकल्या याला गणती नाही.

तर आता मुद्द्याची गोष्ट. उन्हाळ्याच्या शेवटी बेटावर कप खेळतात. दोघांत मॅच, कमी फटक्यांत चेंडू भोकात घालेल त्याचा होल, जास्त होल त्याची मॅच. टॉर्मडने तो एक वर्षही चुकवला नव्हता. यंदा खेळू नकोस, असं मार्सलीने घसा कोरडा करून सांगितलं, पण तो ऐकेना. शिवाय तो खेळला नसता तर लोकांनी विचारलंच असतं, का नाही म्हणून. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. मग तिने पिशवी खांद्याला लावली. गंमत अशी, की चेंडू मारायला टॉर्मड विसरला नव्हता. हातात काठी दिली की हात आपले आपण काम करायचे. विसरायचा तो बाकीचं सगळं. कितवा होल, कोण पुढे, कोण मागे. ते मार्सली त्याला सांगायची, पण कसं? टोमणे मारून. "एका होलने मागे पडलास की, बोटवाल्या!" असं ती सगळ्यांदेखत खेकसायची. लोक हसायचे, आणि टॉर्मडला कळायचं आपण कुठे आहोत.

अशा रीतीने तो एकेक मॅच जिंकत थेट शेवटच्या मॅचपर्यंत पोचला, आणि खरी पंचाईत तिथे झाली. आधीच्या मॅचेस एकाच फेरीच्या असतात, नऊ होल आणि हस्तांदोलन. शेवटची मात्र अठरा होलची, आणि होल तर नऊच. म्हणून तेच नऊ दोनदा खेळायचे. पहिल्या फेरीत फटका मारायचा पांढऱ्या खुंटांच्या चौथऱ्यावरून, दुसऱ्या फेरीत पिवळ्या खुंटांच्या. भोक तेच, हिरवळ तीच, समुद्र तोच, फक्त उभं राहायची जागा वेगळी. धडधाकट माणसाचाही कधी गोंधळ उडतो. ज्याला सकाळचा नाश्ता दुपारी आठवत नाही, त्याने ही पहिली फेरी की दुसरी हे कशावरून ओळखायचं?

आणि समोर कोण, तर फर्कर. सगळा जन्म बेटावर टपाल वाटलेला माणूस. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. वर नियमांचा किडा. एका वर्षी टॉर्मडचा चेंडू काठीच्या धक्क्याने जरासा हलला, तो याने बघितला आणि होल काढून घेतला. अख्खा हिवाळा दोघे एकमेकांशी बोलले नव्हते. त्याची बायको पेगी तेव्हा होती, तिने केक घेऊन येऊन समेट घडवला. त्या पेगीलाही जाऊन आता दोन हिवाळे झाले. फर्करच्या लक्षात आलं, की संध्याकाळच्या आत धक्क्यापर्यंत बातमी, आणि उद्याच्या बोटीने इन्व्हरनेसला. रविवारी चर्चमध्ये मार्सलीने देवाकडे चक्क वादळ मागितलं.

देवाने शनिवारी लख्ख ऊन दिलं. वारा नेहमीचाच.

पहिली फेरी बरी गेली. मार्सलीचं तोंड गिरणीसारखं चालू होतं. प्रत्येक होलनंतर ती ताडताड पुढे जाऊन बरोबर चौथऱ्यावर उभी राहायची आणि ओरडायची, ये की लवकर, इथे मला मुळं फुटतील. सोबत क्लबचा कप्तान डुगल होता आणि गावातली चार रिकामटेकडी माणसं. त्यांची करमणूक होत होती. चौथ्या होलला टॉर्मडनेच घंटा वाजवली. चौथी हिरवळ टेकाडाच्या पलीकडे खळग्यात आहे, मागून येणाऱ्याला दिसत नाही. म्हणून तिथे एका बुडालेल्या बोटीची घंटा खांबाला टांगलीय. हिरवळीवरून शेवटी निघेल त्याने फाटक लावायचं आणि घंटा वाजवायची, म्हणजे मागच्यांनी चेंडू मारायचा. घंटा न वाजवता आजवर कोणी गेलेलं नाही.

नववा होल संपला तेव्हा फर्कर एका होलने पुढे होता. खेळ तिथे पत्र्याच्या क्लबघरापाशी येतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. मार्सली थर्मासमधून सूप ओतत होती. एवढ्यात टॉर्मडने हातमोजा काढला, टोपी काढली आणि फर्करपुढे हात केला. "छान खेळलास गड्या," तो म्हणाला. मॅच संपल्यावर म्हणतात तसं.

मार्सलीने थर्मास खाली आपटला. "पळून जायला बघतोस काय रे?" ती ओरडली. "अजून अर्धी मॅच बाकी आहे. आत्ताच हात मिळवतोय, भित्रा कुठला!" लोक हसले. डुगलही हसला. फर्करने मात्र टॉर्मडचा हात हातात घेतला, जरा वेळ धरून ठेवला आणि म्हणाला, तूही छान खेळलास, पण बायको सोडत नाहीये तर खेळू या अजून थोडं. मार्सलीने त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. टपालवाल्याचा चेहरा तो, पाकिटात काय आहे ते कधी कळलंय?

दुसऱ्या फेरीचे तीन होल तिने कसे काढले ते तिचं तिला माहीत. पिवळे खुंट आले की ती मुद्दाम त्यांना लाथ मारून म्हणायची, हे बघ, पिवळे, डोळे आहेत ना? चौथ्या होलला टॉर्मडने लांबून चेंडू घरंगळवला आणि तो सरळ भोकात पडला. बरोबरी झाली. म्हातारा असा खूश झाला, की हातातली काठी मार्सलीला देऊन तिच्या खांद्यावरची पिशवी हिसकावून स्वतःच्या खांद्याला लावली आणि फाटकातून बाहेर पडला. धरलेला खांदा म्हणे! फर्कर आणि बाकीचे त्याच्याआधीच पुढचं टेकाड चढून गेले होते. शेवटची राहिली मार्सली. म्हणजे फाटक तिने लावायचं, घंटा तिने वाजवायची.

आणि घंटेचा दोर कुठल्यातरी गाईने चघळून आखूड केलेला. टॉर्मडचा हात पोचला होता, हिचा पोचेना. तिने उडी मारली. पुन्हा मारली. मागे बायकांची मॅच खोळंबलेली, मागच्या टेकाडापलीकडून कोणीतरी हाक मारत होतं. घंटा सोडून धावत सुटावं असं तिला क्षणभर वाटलं, पण पाय उचलेना. लहानपणापासूनची सवय ती. शेवटी हातातल्या काठीने तिने घंटेवर दाणकन हाणलं आणि पुढच्या टेकाडाकडे पळाली. या वयात वाळूत पळणं म्हणजे काय सांगू. एक पाऊल पुढे की अर्धं मागे, आणि जीव सगळा पलीकडे.

माथ्यावर पोचली आणि बघते तर काय. पाचव्या होलचे दोन चौथरे एकमेकांपासून चांगले लांब आहेत. पिवळे खुंट उजवीकडे वर, पडक्या बोटघराजवळ. पांढरे डावीकडे खाली, पार पाण्यालगत. फर्कर, डुगल आणि मंडळी वर उभी होती. टॉर्मड एकटाच खाली, पांढऱ्यावर. चेंडू ठेवलेला, काठी हातात, पाय रोवलेले.

डुगलने तोंड उघडलं, "टॉर्मड, अरे तिथून ना..." फर्करचा हात आडवा झाला. "खेळतोय तो," फर्कर म्हणाला. "तोंड मीट."

टॉर्मडने फटका मारला. वाऱ्याला पाठीशी घेऊन चेंडू असा गेला, की हिरवळीवर दोन उड्या आणि भोकाच्या अंगणात जाऊन बसला. कोणी वाहवा म्हटलं नाही. टॉर्मडने वर पाहिलं, सगळे आपल्याकडे बघतायत हे त्याला दिसलं, आणि त्याचं हसू हळूहळू विरलं. मार्सलीला बोलायचं होतं. काहीही. एक टोमणा. आयुष्यात पहिल्यांदा त्या बाईला शब्द सुचला नाही.

डुगल हलक्या आवाजात म्हणाला, की चुकीच्या जागेवरून मारलेला फटका परत मारायला लावायचा हक्क फर्करचा आहे, दोघांची बरोबरी आहे, विचार कर.

"हक्क माझा ना?" फर्कर म्हणाला. "मग मी बघतो त्याचं काय करायचं ते."

आणि तो उतरायला लागला. गुडघ्यांनी अधू माणूस, पिशवी ओढत, गवताला धरत धरत, बोटघरापासून पार पाण्यापर्यंत खाली आला. पांढऱ्या खुंटांच्या मधे वाकला आणि आपला चेंडू ठेवला. टॉर्मड त्याच्याकडे बघत राहिला.

"सरक की जरा," फर्कर त्याला म्हणाला. "तुझा चेंडू भोकापाशी गेला म्हणून आता जागा पण अडवणार का, मेल्या?"

फर्करचा चेंडू वाळूच्या खड्ड्यात गेला. होल टॉर्मडचा झाला. पुढचे होल कसेबसे पार पडले, त्यातला एक जिंकून फर्करने बरोबरी साधली. मार्सलीला वाचा फुटली होती, पण आवाजात जोर नव्हता. प्रत्येक चौथऱ्यावर फर्करच आधी जाऊन पिवळ्या खुंटांपाशी उभा राहत होता. शेवटच्या होलला त्याने टॉर्मडला हरवलं आणि कप नेला. कप असा कोणाच्या ओटीत टाकणाऱ्यांतला तो नव्हताच.

क्लबघराच्या मागे नळावर मार्सली सुपाचे पेले धूत उभी होती. आत हशा चालला होता, व्हिस्की निघाली होती. ती घरातल्या वस्तूंची मनात बांधाबांध करत होती. आरामखुर्ची जिन्यातून वर जाईल का? फर्कर बाहेर आला तशी ती उसळली.

"सांग आता गावभर," ती म्हणाली. "जा. धक्क्यावर उभा राहून सांग."

"काय सांगू? मला तर मागच्या शरदापासून माहीत आहे."

मार्सलीने नळ बंद केला.

फर्कर भिंतीला टेकून उभा राहिला. मग त्याने सांगितलं, की गेल्या शरदात दोघे गुरुवारचे खेळायला निघाले तेव्हा टॉर्मडने विचारलं, पेगी कशी आहे? फर्करला वाटलं, जीभ घसरली असेल. तीन होल झाल्यावर त्याने पुन्हा विचारलं. घरी जाताना पुन्हा.

"मग तू काय म्हणालास?"

"म्हणालो, बरी आहे. केक भाजतेय." फर्करने नाक पुसलं. "दर गुरुवारी विचारतो तो, तू चार पावलं पुढे गेलीस की. मार्सली, तिचं नाव आता माझ्यापुढे कोणी काढत नाही. सगळे जपतात मला. हा एकटाच विचारतो, ती कशी आहे. आणि मी हे गावाला सांगायला जाऊ?"

एवढी एकच गोष्ट त्या माणसाच्या तोंडात भिजली होती, आणि ती वर्षभर. मार्सलीला रडू आलं. ते तिने लपवलंही नाही. फर्कर म्हणाला, आता पिशवी खाली ठेव, मोडशील. गुरुवारी सकाळी मी त्याला न्यायला येतो. एकच फेरी खेळू. पिवळे खुंट गेले खड्ड्यात.

घरी जाताना टॉर्मड तिसऱ्या होलच्या कुंपणापाशी आल्यावर म्हणाला, "मी पांढऱ्यावरून मारलं ना?"

"हो," मार्सली म्हणाली. खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं.

"तू बोलत नव्हतीस," तो म्हणाला. "मी थांबलो होतो. तुझा आवाज आला नाही, मग मला कळेना." थोडं चालून तो पुन्हा म्हणाला, "तू चिडवतेस ना, त्यावरून मला कळतं आपण कुठे आहोत. तू बोलत राहा, मार्सली. मला भीती वाटते."

म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. ती त्याच्यापासून लपवत होती आणि तो तिच्यापासून. खुळचट म्हातारा, तिने त्याला म्हटलं, चालायला लाग, कोंबड्या उपाशी आहेत. त्याने तिचा हात धरला.

गुरुवारी फर्कर आला आणि टॉर्मडला घेऊन गेला. मार्सलीने मग इन्व्हरनेसला फोन लावला. वचन म्हणजे वचन. तिने लेकीला सगळं सांगितलं, चौथऱ्याचंसुद्धा. उनाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, आपलं काय ठरलं होतं?"

"माहीत आहे काय ठरलं होतं."

"मग मी खोली तयार करते."

मार्सली उत्तर देणार, तेवढ्यात उघड्या खिडकीतून टेकाडापलीकडची घंटा ऐकू आली. बोलणं थांबवून ती ऐकत राहिली. म्हणजे चौथा होल आटपला. फाटक लावलं असेल ना? पाचव्याला कुठे उभा राहील? चुलीवर काही करपत असल्यासारखी ती बेचैन झाली.

"ती चौथ्याची ना?" उनाने फोनवरून विचारलं. त्या घंटेच्या आवाजात ती लहानाची मोठी झाली होती. "बाबा वाजवतायत?"

"हो."

घंटा पुन्हा वाजली. जरा थांबून आणखी एकदा. एकदा वाजवली हे विसरून तो पुन्हा वाजवत होता, आणि शेजारी उभा राहून फर्कर त्याला वाजवू देत होता. मागे कोणी चेंडू मारायला खोळंबलंच असेल, तर तेही मुकाट थांबलं होतं. मार्सलीने फोन खिडकीपाशी धरला.

घंटा थांबली तेव्हा पलीकडून उनाच्या नाक ओढण्याचा आवाज आला. "कोणी ओरडत नाही त्यांना?" तिने विचारलं.

"मी ओरडते की," मार्सली म्हणाली. "बाकी कोणी नाही."

उना म्हणाली, बरं, नाताळापर्यंत राहू दे, मी आले की बघू. मार्सलीने फोन ठेवला, सूप चुलीवर चढवलं आणि दार उघडं टाकून उंबऱ्यात येऊन उभी राहिली. दोघांना यायला अजून वेळ होता.